'घराबाहेर अडकलात? हे ७ उपाय करा': यातला तिसरा उपाय माझ्या बाबांनी करायला घेतला होता

गेल्या मंगळवारी सकाळी साडेसातला डोंबिवलीहून शेजारच्या काकूंचा फोन आला. "अगं, तुझे बाबा आमच्या गॅलरीच्या कठड्यावर चढलेत. तू आधी त्यांना ओरड, बाकीचं मग सांगते."

बाबा एकाहत्तर वर्षांचे आहेत. कचऱ्याची बादली दाराबाहेर ठेवायला गेले, गॅलरीतून वारा आला, दार आपटलं आणि लॅच लागलं. मोबाइल आत, चावी आत, गॅसवर दूध. घर तिसऱ्या मजल्यावर. त्यांनी काकूंची बेल वाजवली, पण फोन मागितला नाही, सरळ त्यांच्या गॅलरीत गेले. आदल्याच आठवड्यात त्यांच्या ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपवर एक मेसेज आला होता. घराची दुसरी चावी माझ्याकडे असते आणि मी वीस मिनिटांवर राहते, हे त्या क्षणी त्यांना आठवलं नाही. मेसेज आठवला.

काकूंनी त्यांचा सदरा मागून घट्ट धरून ठेवला होता. मी चावी घेऊन पोहोचेपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.

मेसेज तुमच्याकडेही आला असेल, त्यानंतर मला तो आणखी तीन ग्रुपवर दिसला. थोडक्यात असा: एक, एटीएम कार्ड फटीत सरकवा, कुठलंही लॅच दहा सेकंदांत उघडतं. दोन, हेअरपिनने कुलूप उघडा. तीन, शेजाऱ्यांच्या गॅलरीतून छज्ज्यावर उतरा, "फक्त दोन पावलं" टाकली की आपली खिडकी. चार, अग्निशमन दलाला बोलावू नका, दार तोडतात आणि हजारोंचं बिल लावतात. पाच, पोलिसांच्या परवानगीशिवाय स्वतःच्या घराचं कुलूप तोडलं तरी गुन्हा होतो. सहा, आत गॅस चालू राहिला असेल तर मीटरच्या खोलीत जाऊन घराचा मेन स्विच पाडा, धोका टळेल. सात, एक चावी कायम पायपुसण्याखाली किंवा कुंडीत ठेवा. शेवटी अर्थातच, 'जास्तीत जास्त लोकांना पाठवा, कुणाचा तरी जीव वाचेल'.

तिसऱ्यापासून सुरू करते, कारण जुन्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट हेच माझं काम आहे आणि छज्जा म्हणजे काय हे मला रोज बघावं लागतं.

छज्जा ऊनपाऊस अडवायला असतो, चालायला नाही. इमारतीवर किती भार धरायचा हे सांगणारं भारतीय मानक आहे, आयएस ८७५, भाग २. जिथे दुरुस्तीखेरीज कुणी जाणार नाही अशा छपरासाठी त्यात ०.७५ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर एवढा भार धरायला सांगितलाय. छज्जाही साधारण त्याच हिशोबाने करतात. म्हणजे एका चौरस मीटरला सुमारे ७५ किलो, तेही सगळीकडे सारखे पसरलेले. आता दीड-दोन फूट रुंदीच्या छज्ज्याच्या बाहेरच्या कडेला एका पायावर तोल सावरणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. नवा, नीट भरलेला छज्जा त्याचं वजन पेलेलही, हे मी नाकारत नाही. रंगारी उभे राहतातच. पण रंगाऱ्याच्या कमरेला पट्टा असतो आणि वर गच्चीवर दोर बांधलेला असतो. बाबांच्या कमरेला पायजम्याची नाडी होती.

आणि बाबांचा छज्जा नवा नाही. इमारत १९९१ सालची. छज्जा एका बाजूने भिंतीत धरलेला आणि दुसऱ्या बाजूने अधांतरी, म्हणून ताण येतो तो त्याच्या वरच्या अंगाला आणि सळई वरच हवी. स्लॅब भरताना मजूर त्याच सळयांवरून ये-जा करतात, सळया दबून खाली जातात, वरून काँक्रीट पडतं आणि चूक कायमची झाकली जाते. अशी सळई नको तिथे असलेले छज्जे मी कित्येक इमारतींत तोडून पाहिलेत. त्यात पावसाचं पाणी छज्ज्यावर साचतं आणि भिंतीलगतच्या बारीक भेगेतून, म्हणजे जिथे ताण सगळ्यात जास्त तिथेच, आत मुरतं. सळई गंजते, गंज फुगतो, काँक्रीट आतून सुटतं. वरून रंग मात्र दर दिवाळीला नवा. असा छज्जा वाकून, करकरून इशारा देत नाही. मुळापासून एकदम सुटतो. शेवाळाचं आणि बाहेरच्या बाजूला दिलेल्या उताराचं तर मी बोलतच नाही.

बरं, टाकली दोन पावलं. पोहोचलात. आत शिरणार कुठून? मुंबई-ठाणे-पुण्याकडे पहिल्या-दुसऱ्याच काय, सातव्या मजल्यावरच्या खिडक्यांनाही लोखंडी जाळ्या असतात. बाबांच्या खिडकीला तर बाहेर काढलेलं बॉक्स ग्रिल आहे, भिंतीत चार-सहा स्क्रूंवर लटकलेलं, वर तुळशीपासून कढीपत्त्यापर्यंत सगळ्या कुंड्या. ते धरून बाबा काय करणार होते? मी विचारलं. ते म्हणाले, "तिथे गेल्यावर बघितलं असतं." ज्याने हा उपाय लिहिला त्याने एकदाही खाली उभं राहून स्वतःच्या इमारतीकडे वर मान करून पाहिलेलं नाही.

आता चौथा. तिसऱ्याला खरं बळ यानेच मिळतं. मदत मागायची भीती घातली की माणूस कठड्यावर चढणारच.

जुलै २०२५ मध्ये पुण्यात कात्रजजवळ गुजर-निंबाळकरवाडीत काय झालं ते अनेकांनी व्हिडिओत पाहिलंय. आई मोठ्या मुलीला शाळेत सोडायला दाराला कुलूप लावून गेली, घरात राहिलेली चार वर्षांची मुलगी तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून बाहेर आली आणि लटकली. त्याच वस्तीत राहणारा अग्निशमन दलाचा एक जवान सुट्टीवर घरी होता. आरडाओरडा ऐकून तो धावला तो जिन्याने. दाराला कुलूप दिसलं, तेवढ्यात मुलीची आई परतली, दार उघडलं आणि त्याने मुलीला आत ओढून घेतलं. उंचीवरून माणसं काढण्याचं ज्याचं शिक्षण झालंय, ज्याच्यासमोर एक मूल लटकतंय, त्यानेसुद्धा आधी दार गाठलं. चावी आली तेव्हा चावीच वापरली. आणि आपल्याला एका भगुल्यासाठी छज्ज्यावर उतरायला सांगणारा मेसेज हजारो लोक पुढे ढकलतात.

बिलाचं म्हणाल तर अर्धं खरं आहे. कार्यक्रमाच्या ठिकाणी बंब उभा ठेवायचा तर पालिका शुल्क घेते. तसल्या सेवांचे दर ऐकून कुणीतरी ही भीती रचली असावी. पण आत लहान मूल आहे, अंथरुणावरचं माणूस आहे, गॅस चालू आहे असं सांगितलं तर आधी पैसे भरा असं तिथे कुणी म्हणत नाही. १०१ लावा, नाहीतर ११२. पत्ता, मजला, आत कोण आहे आणि काय चालू आहे, एवढं सांगा. दार तोडावं लागलं तर तोडतीलही. तोडू देत. दार सुतार दोन दिवसांत बसवून देतो.

सहावा उपाय वाचून मला घाम फुटला, कारण बाबांनी तोही मनात धरला होता. शेगडीची ज्योत विजेवर चालत नाही. मेन स्विच पाडला तरी ती जळतच राहणार. भगुलं करपेल, मग शेजारचा नॅपकिन पेटेल. त्याहून वाईट म्हणजे दूध उतू जाऊन ज्योत विझली तर गॅस येतच राहील. काही शेगड्यांना ज्योत विझली की गॅस आपोआप बंद होण्याची सोय असते, पण बहुतेक घरांतल्या साध्या शेगडीला ती नसते. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड. तो जमिनीलगत पसरतो आणि दाराखालच्या फटीतून जिन्यात येतो. म्हणून वास घ्यायचा तर दाराच्या फटीपाशी, खाली वाकून घ्या. वास आलाच तर बेल वाजवू नका, पॅसेजचा दिवा लावू नका, चावीवाल्याला ड्रिल चालवू देऊ नका, दारात उभं राहून मोबाइल काढू नका. ठिणगी एवढीशी पुरते. मजल्यावरच्या सगळ्यांना घेऊन खाली या आणि खालून फोन करा. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा क्रमांक चोवीस तास चालतो. पाइपचा गॅस असेल तर कंपनीचा आपत्कालीन नंबर बिलावर छापलेला असतो. तो आजच दाराबाहेरच्या भिंतीवर लिहून ठेवा, कारण बिल घरात असतं आणि तुम्ही बाहेर.

मेसेजवाल्याला एवढंच मान्य करते की मीटरची खोली खाली, लांब असेल आणि तिथे वास नसेल, तर घराची वीज तोडणं चूक नाही. फ्रिज आपोआप चालू होताना उडणारी ठिणगी त्याने टळते. पण 'धोका टळेल' हे शब्द वाचून माणूस स्विच पाडतो आणि निवांत चावीवाल्याची वाट बघत बसतो. त्या दोन शब्दांवर माझा राग आहे.

कार्डाचं सांगते. हो, कार्डाने लॅच उघडतं. हॉस्टेलमध्ये आम्हीही उघडलंय. लॅचची जीभ एका बाजूने तिरपी असते आणि मागे स्प्रिंग असते. कार्ड त्या तिरप्या अंगाला भिडलं तर जीभ मागे सरकते, पण भिडायला हवं. आपल्याकडच्या चौकटीला आत खाच असते, दार त्या खाचेत जाऊन बसतं, त्यामुळे बाहेरून सरळ फट मिळतच नाही. कार्ड काटकोनात वळवावं लागतं आणि तिथेच ते तुटतं. दार बाहेर उघडणारं असेल तर जिभेचं सपाट अंग तुमच्याकडे येतं आणि कार्ड काहीच करू शकत नाही. चावी फिरवून लॅच पक्कं केलं असेल तरीही नाही. 'कुठलंही लॅच' आणि 'दहा सेकंद' हे दोन्ही खोटं आहे. काकूंच्या मुलाने बाबांच्या दारावर त्याचं कार्ड घालवलंच.

हेअरपिनवर फार वेळ घालवत नाही. लिव्हरच्या कुलपात आत पट्ट्या असतात, त्यातली प्रत्येक पट्टी नेमक्या उंचीवर उचलावी लागते आणि त्याच वेळी दुसऱ्या हत्याराने बोल्टावर ताण ठेवावा लागतो. १८५१ साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कुलूपतज्ज्ञाने ब्रामा कंपनीचं प्रसिद्ध कुलूप उघडून दाखवलं, तेव्हा त्याला १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले होते. आणि तो खास हत्यारं घेऊन बसला होता. पिन आत तुटली तर चावीवाल्याचं काम दुप्पट होतं, एवढं लक्षात ठेवा.

पाचवा सरळ चूक. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मधलं गृह-अतिक्रमण हे दुसऱ्याच्या ताब्यातल्या जागेत शिरण्याबद्दल आहे. स्वतः राहत असलेल्या घराचं कुलूप चावीवाल्याकडून उघडून घ्यायला पोलिसांची परवानगी लागत नाही. भाड्याचं घर असेल तर मालकाला फोन करा, दार त्याचं आहे. चावीवाला घर तुमचंच आहे ना याची खात्री मागेल, तेव्हा शेजाऱ्याला किंवा वॉचमनला बरोबर उभं करा. तो विचारतोय हे चांगलं आहे, त्यावर चिडू नका.

सातव्यात एक चावी बाहेर असावी एवढंच बरोबर. पायपुसण्याखाली मात्र चोर सगळ्यात आधी बघतो. आता बाबांची एक चावी काकूंच्या देवघराच्या खणात आहे, काकूंची बाबांच्या कपाटात. काकूंच्या घरातल्या कॅलेंडरवर माझा आणि भावाचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहिलाय. बाबांच्या दाराला आतून एक अडसर लावून घेतलाय, बादली ठेवायला जाताना दार वाऱ्याने मिटू नये म्हणून.

दूध मंद आचेवर होतं म्हणून उतू गेलं नाही. आम्ही दार उघडलं तेव्हा भगुल्यात काळी खरवड होती आणि स्वयंपाकघरभर धूर. बाबा खिडकीपाशी गेले आणि खाली बघत बराच वेळ उभे राहिले. मी काही बोलले नाही.

शनिवारी सेक्रेटरींना बरोबर घेऊन मी काकूंच्या गॅलरीतून हात लांब करून तो छज्जा हातोडीने ठोकून पाहिला. भरीव काँक्रीटचा आवाज टणक येतो. भिंतीपासून सव्वा फुटापर्यंत, म्हणजे बाबांचं पहिलं पाऊल जिथे पडलं असतं तिथे, तो पोकळ आला. तिसऱ्या ठोक्याला तळहाताएवढा पापुद्रा सुटून खाली गेला आणि आतली तांबडी सळई दिसली. तिचा फोटो मी बाबांना पाठवला. तो त्यांनीच त्यांच्या ग्रुपवर टाकला, त्या मेसेजच्या बरोबर खाली.