सगळ्यांनी मिडला या

डोटा हा कॉम्प्युटर गेम शिकताना सगळ्यांत आधी एक सवय मोडावी लागते: स्क्रीनच्या डाव्या खालच्या कोपऱ्याकडे बघण्याची. तिथे मिनिमॅप नावाचा एक चौकोन असतो आणि त्यात लाल-हिरवे ठिपके सारखे वळवळत असतात. उगाच डोक्याला ताप. आमच्या कॅप्टनने मॉनिटरच्या नेमक्या त्या कोपऱ्यावर वायफायच्या रिचार्जची तारीख लिहिलेली पिवळी चिठ्ठी चिकटवली आहे. मार्चपासून आहे. रिचार्ज दोनदा संपला, चिठ्ठी हलली नाही. तुम्हीही असंच काहीतरी शोधा. देवाचा फोटो चालेल, कोणी काढायला सांगणार नाही.

आता नियम एकदाच सांगून टाकतो, म्हणजे लवकर विसरता येतील. डोटा २ मध्ये पाच विरुद्ध पाच, प्रत्येकाच्या हातात एक हिरो. टॉप, मिड आणि बॉटम अशा तीन लेन, म्हणजे वाटा. प्रत्येक बाजूला अकरा टॉवर: एकेका लेनवर तीन आणि उरलेले दोन एन्शंटच्या, म्हणजे मुख्य इमारतीच्या, दारात. दर तीस सेकंदांनी तिन्ही लेनवर क्रीप्सची, म्हणजे आपोआप चालणाऱ्या शिपायांची, नवी तुकडी निघते. समोरच्याचा एन्शंट जो फोडेल तो जिंकला. किती किल्स केले, म्हणजे समोरचे किती हिरो मारले, याचा जिंकण्याशी थेट संबंध नाही. आहे की नाही विचित्र? असल्या बारीकसारीक अटींत अडकाल तर खेळाची मजाच जाईल.

तर तीन लेनपैकी तुम्ही मिड घ्यायची. तुम्ही म्हणजे पाचही जणांनी. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, तो परमेश्वर मिडलाच राहतो. नाशिककराला हे समजावून सांगावं लागत नाही. संध्याकाळी सातला द्वारका चौकात जाऊन उभे राहा. रिक्षा, ट्रक, शहर बस, पुण्याला निघालेले, मालेगावला निघालेले, आणि ज्याला फक्त कोथिंबीर घ्यायची होती तोही. त्या सगळ्यांना दुसरा रस्ता नव्हता का? होता. पण सगळे इथे आहेत तर आपणही इथेच असावं, ही माणसाची जुनी माया आहे. मिडला पाच हिरो उभे राहिले की एका तुकडीला मारून मिळणारा अनुभव (ज्यावर हिरोची ताकद वाढते) पाचांत वाटला जातो, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला प्रसादाच्या शिऱ्याएवढा. पोट भरत नाही, पण पंगत बघा किती मोठी.

तोवर टॉप आणि बॉटमला काय चाललंय ते विचारू नका. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की ते काही लगेच रामकुंडावर येत नाही. आधी गोदाकाठच्या टपऱ्या हलतात, मग लोक पुलावर येऊन बघायला लागतात, मग कोणीतरी सांगतं की नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागलं. नंतर कंबर. नंतर छाती. रिकाम्या लेनचं अगदी तसंच असतं. समोरच्याने एका तुकडीतले दोन क्रीप जरा आधी मारले की त्याचे दोन जास्तीचे उरतात, मागून येणारी तुकडी त्यांना मिळते, मग तिसरी. कोणी हिरो जवळ नसतानाही ही गर्दी आपोआप फुगत तुमच्या टॉवरपर्यंत चालत येते. अनुभवी खेळाडू गुडघ्याला पाणी असताना एकजण पाठवतो आणि ती लेन साफ करून घेतो. तुम्ही एवढे उतावळे होऊ नका. मारुतीच्या हनुवटीला पाणी लागू द्या, टॉवर पडल्याचा आवाज येऊ द्या, आणि मग पाचही जणांनी एकाच वेळी टीपी (टेलिपोर्ट, म्हणजे थेट टॉवरपाशी उडी) मारा. टीपीला निदान तीन सेकंद लागतात. टॉवर पडायला एक बाकी असतो. वरातीमागून घोडं, पण पाच घोडी आहेत म्हटल्यावर वरात शोभून दिसते.

आता मुख्य अडचणीकडे येतो. प्रत्येक टीममध्ये एक माणूस असा निघतो जो ऐकत नाही. आमच्याकडे सिडकोतला एक गप्प मुलगा आहे. माईक असतो, पण त्यातून फक्त पंख्याचा आवाज येतो. हा गडी नेचर्स प्रॉफेट नावाचा हिरो घेतो, ज्याला नकाशावर कुठेही उडी मारता येते, आणि उडी मारून नेमका जिथे कोणीच नाही तिथे जातो. बॉटमला दिसतो, दोन तुकड्या कापतो, टॉवरला चार फटके लावतो. समोरून दोघं धावत आले की हा गायब. पुढच्या मिनिटाला टॉपला. क्रीप्स सोबत घेऊनच टॉवरला हात लावतो, कारण दुसऱ्या टियरपासून (लेनवरच्या दुसऱ्या टॉवरपासून) पुढच्या टॉवरला एकट्याने मारलं तर झालेली इजा भरून येते. हे त्याला माहीत आहे. असल्या माणसांना असलं सगळं माहीत असतं.

त्याचं म्हणणं असं (टाईप करून सांगतो, तेही गेम संपल्यावर): मी बॉटमला दिसलो की त्यांचे दोघं तिकडे जातात. उरले तीन. तेव्हा तुम्ही चौघांनी रोशन (खड्ड्यातला मोठा राक्षस) घ्या, नाहीतर मिडचा टॉवर घ्या, नाहीतर काहीच करू नका, फक्त मरू नका. हे शेवटचं वाक्य वाचून आमचा कॅप्टन चिडला होता. फक्त मरू नका! मग खेळायचं कशाला?

अशा माणसाचा बंदोबस्त करण्याची रीत सांगतो. तो बॉटमला पोहोचला, पण समोरचे दोघं अजून त्याच्याकडे निघाले नाहीत, म्हणजे ते पाचही तुमच्यासमोर आहेत, नेमका हाच क्षण पकडायचा. त्यांच्या हायग्राउंडवर, म्हणजे बेसच्या चढावर, चौघांनी चढायचं. चार विरुद्ध पाच. चौघं मेलात की चॅटमध्ये त्याचं नाव घ्यायचं. आणि चुकून ते दोघं त्याच्याकडे गेलेच, समोर तिघं उरले, रोशनचा खड्डा रिकामा दिसतोय, तर चौघांनी आपापल्या जंगलात शिरून क्रीप मारत बसायचं. एखादा अर्धमेला हिरो पळताना दिसला तर मात्र चौघांनीही त्याच्यामागे सुटायचं. हातचा टॉवर सोडून पळत्याच्या पाठी. म्हण उगाच झालेली नाही.

इतिहासात रमणारा एखादा भिडू इथे पालखेड काढतोच. (दिंडोरी तालुक्यातलं कादवेवरचं धरण ते नव्हे, लढाईचं पालखेड वैजापूरजवळचं. नाशकात हा घोळ दर वेळी होतो.) म्हणे १७२८ साली निजाम पुण्यावर बसलेला असताना पहिला बाजीराव त्याच्यावर चालून गेला नाही. खानदेश, गुजरात असा फिरत राहिला, बुऱ्हाणपूरला धाक घातला. निजामाला पुणं सोडून मागे लागावं लागलं, जड तोफा मागे राहिल्या, आणि फेब्रुवारीत पालखेडला तो असा कोंडला गेला की प्यायला पाणी मिळेना. मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. ठीक आहे. पण तेव्हा व्हॉइस चॅट नव्हता म्हणून निभावलं. नाहीतर पुण्यातून कोणीतरी ओरडलंच असतं, ‘भो, इथे पाच आलेत आणि हा गुजरातेत लेन कापतोय. रिपोर्ट मारा याला.’

तसेच काहीजण २०१३ च्या ऑगस्टमधली ‘द इंटरनॅशनल’ या डोटाच्या जागतिक स्पर्धेची सिॲटलची फायनल दाखवतात. अलायन्स विरुद्ध नावी या दोन टीम, दोन-दोन बरोबरी, पाचवा गेम. नावीचे लोक अलायन्सच्या बेसमध्ये, आणि अलायन्सचा ॲडमिरलबुलडॉग तोच तो नेचर्स प्रॉफेट घेऊन नावीच्या बेसमध्ये. घर वाचवायला नावीच्या लोकांनी टीपी लावले, तर अलायन्सच्या एसफोरने पक या हिरोचा ड्रीम कॉइल टाकून ते टीपी तोडले. तीन-दोन. चौदा लाख डॉलरांहून मोठं बक्षीस घेऊन गेले. समोरासमोर उभं राहून हाणामारी संपवली का? नाही. तरुण पोरांवर असले संस्कार होतात ते हे असे.

वॉर्डचंही (नकाशावर लावला की आसपासचं दाखवतो तो) थोडक्यात सांगतो. सहा मिनिटं टिकतो. तो आपल्याच बेसच्या दारात लावावा, म्हणजे आपल्याला आपणच दिसत राहतो. समोरचे पाचही जण नकाशावरून गायब झाले तर ते जेवायला गेले असं समजावं.

परवा शनिवारी हे सगळं आम्ही तंतोतंत पाळलं. बेचाळीसाव्या मिनिटाला आमचे किल्स एकेचाळीस, त्यांचे तेवीस. कॅप्टन स्क्रीनशॉट काढत होता. तेवढ्यात स्क्रीन हलली. बॉटमचे बॅरेक्स (क्रीप्सच्या छावण्या) गेले होते, टॉपचे त्याआधीच गेले होते, आणि फुगलेली क्रीप्सची रांग दारातल्या दोन टॉवरांना खात होती. आम्ही तेव्हा त्यांच्या जंगलात एका सपोर्ट हिरोला शोधत होतो. पंख्याच्या आवाजामागून पहिल्यांदाच शब्द आला, ‘डिफ.’ म्हणजे डिफेन्ड, घर वाचवा. एकदाच. कॅप्टन म्हणाला, ‘थांब, हा मरतोय.’ तो मेला. बेचाळीस. मग एन्शंट पडला. शेजारच्या खोलीतून आई म्हणाली, ‘जिंकलात का रे?’ कॅप्टन म्हणाला, ‘किल्समध्ये.’

रविवारी सकाळी मिसळ ठरली होती, गंगापूर रोडला. कॅप्टनचा हुकूम: सगळे आधी मुंबई नाक्याला जमा, मग एकत्र निघू. चार गाड्या नाक्यावर जमल्या, पाचवीची पंधरा मिनिटं वाट पाहिली, फोन लागेना, मग निघालो तर सिग्नलला अडकलो आणि पुढे एका टेम्पोमागे अडकलो. पोहोचलो तेव्हा दारात पाऊण तासाची रांग होती.

तो आत बसला होता. सिडकोतून सरळ एबीबी सर्कल, सातपूर असा मागच्या बाजूने आला होता. झाडाखालचं पाच जणांचं टेबल धरलेलं, पाच प्लेट सांगून झालेल्या, तर्रीचं भांडं मध्ये, दह्याच्या वाट्या मांडलेल्या. पापडाचा एक तुकडा तेवढा त्याने मोडला होता.

कॅप्टनने हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि खुर्ची ओढली.

‘टीमसोबत यायला काय होतं रे तुला?’