‘प्लॅटिनम इमारतीचं वीजबिल एवढं कसं?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा लांबणार आहे. तुमचे आक्षेप चार: ग्रीन सर्टिफिकेट म्हणजे विकतचा शिक्का, काचेने मढवलेली इमारतही प्लॅटिनम (म्हणजे गोल्डच्याही वरची, सर्वोच्च श्रेणी) ठरते, ‘३० टक्के ऊर्जाबचत’ कागदावरच राहते, आणि जाड भिंतींची जुनी घरं याहून बरी होती. मधले दोन मला बरेचसे मान्य आहेत. पहिला अर्धा खरा आहे. चौथ्यात तुम्ही हवामानच सांगितलेलं नाही.

आधी टक्केवारी, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. ‘लीड’ या अमेरिकी ग्रीन सर्टिफिकेटमध्ये ऊर्जेचे पॉइंट तुलनेवर मिळतात. ॲश्रे या अमेरिकी अभियंता-संस्थेच्या ९०.१ या ऊर्जा-मानकाच्या परिशिष्ट ‘जी’प्रमाणे तुमच्याच इमारतीचं एक जुळं भावंड संगणकात उभं करतात. क्षेत्रफळ तेच, वापराचे तास तेच. भिंती, काचा आणि एसी मात्र मानकातल्या किमान दर्जाचे. ही झाली बेसलाइन. तिच्यापेक्षा तुमची रचना किती टक्के सरस, त्यावर पॉइंट. आणि मूळ पद्धतीत हा फरक युनिटचा नसून ऊर्जेच्या वार्षिक खर्चाचा असतो. रात्रीच्या स्वस्त दरात बर्फ करून दिवसा तो थंडाव्यासाठी वापरला, तर टक्केवारी वाढते, युनिट तेवढे कमी होतीलच असं नाही.

यात संयमाला बक्षीस नव्हतं, हे फारसं कुणी बोलत नाही. मानकाच्या २००७च्या आवृत्तीत बेसलाइनमधल्या खिडक्यांचं क्षेत्र तुमच्या रचनेएवढं किंवा भिंतीच्या ४० टक्के, यांतलं जे कमी असेल ते धरायचे. म्हणजे शहाणपणाने २५ टक्केच काच ठेवली, तर जुळ्या भावंडालाही २५ टक्केच. श्रेय शून्य. पुढच्या आवृत्त्यांनी इमारतीच्या प्रकारानुसार ठरावीक टक्के देऊन ही फट बुजवली. पण माणशी क्षेत्रफळ गरजेच्या दुप्पट ठेवलं, तर टक्केवारीला त्याचा पत्ताही लागत नाही.

दुसरी गोष्ट वापराच्या तासांची. मॉडेलमध्ये एसी दिवसाला १० तास, आठवड्याला ५ दिवस धरला, म्हणजे ५० तास. प्रत्यक्षात १४ तास आणि ६ दिवस चालला, तर ८४. तासच ६८ टक्क्यांनी वाढले. आता मशीन कितीही कार्यक्षम असो. न्यू बिल्डिंग्ज इन्स्टिट्यूटने २००८ मध्ये लीड मिळालेल्या १२१ इमारतींचा प्रत्यक्ष वापर तपासला, तेव्हा सरासरी चांगली निघाली. पण एकेक इमारत पाहिली तर अंदाज आणि मीटर यांच्यात मोठी तफावत होती. काही इमारती तर बेसलाइनपेक्षाही जास्त ऊर्जा खात होत्या. त्या सरासरीच्या हिशेबावरही नंतर बरेच वाद झाले.

काचेचं गणित मात्र तुम्ही मांडलंय त्यापेक्षा वाईट आहे. तुमचा भर यू-व्हॅल्यूवर आहे, म्हणजे आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना चौरस मीटरमधून किती वॉट उष्णता झिरपते त्यावर. लो-ई डबल ग्लेझिंगची (उष्णता परतवणारा लेप दिलेल्या दुहेरी काचेची) यू-व्हॅल्यू १.८ धरा आणि आत-बाहेर १० अंशांचा फरक. एका चौरस मीटरमधून १८ वॉट उष्णता आत येईल. त्याच काचेचा एसएचजीसी (पडलेल्या उन्हाच्या उष्णतेतला आत येणारा हिस्सा) ०.२८ आहे आणि दुपारी पश्चिमेच्या भिंतीवर ६०० वॉट ऊन पडतंय. आत आले १६८ वॉट. नऊपट! यू-व्हॅल्यू १.८ वरून १.४ वर नेण्यापेक्षा ऊन काचेपर्यंत पोचू न देणं जास्त कामाचं. पश्चिमेला आडवा छज्जा उपयोगाचा नाही, कारण सूर्य खाली उतरलेला असतो. तिथे उभे फिन (बाहेर काढलेल्या उभ्या पट्ट्या) किंवा बाहेरून लावलेले सरकते पडदे लागतात. आतल्या पडद्याने डोळ्यांवरची तिरीप जाते, उष्णता तोवर खोलीत आलेली असते.

आता ‘विकतचा शिक्का’. फी कागदपत्रं तपासण्याची असते, आणि तपासणारा सहसा साइटवर येत नाही, हे खरं. पण सगळ्या पद्धती एका माळेत ओवू नका. पॅसिव्ह हाऊस या जर्मन मानकासाठी पूर्ण झालेल्या इमारतीची हवाबंदपणाची चाचणी द्यावीच लागते: ५० पास्कल दाबाला तासाला ०.६ हवाबदलांपेक्षा जास्त गळती नको. ऑस्ट्रेलियाची ‘नेबर्स’ आणि ‘लिव्हिंग बिल्डिंग चॅलेंज’ या दोन्ही १२ महिन्यांचा प्रत्यक्ष वापर पाहूनच निकाल देतात. निव्वळ ऊर्जेची काळजी असेल, तर माझा कौल या कुळाकडे.

आणि लीड किंवा ब्रीम (ब्रिटिश सर्टिफिकेट) घेतलंच, तर त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट पॉइंट नाहीत, कमिशनिंग आहे, म्हणजे बसवलेली यंत्रणा ठरल्याप्रमाणे चालते का याची प्रत्यक्ष तपासणी. बजेट आवळलं की पहिली कात्री तिथेच लागते, हे दुर्दैव. त्याशिवाय काय बिघडतं ते पाहा. पंख्याला व्हीएफडी (गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारी यंत्रणा) बसवलेली असते, पण टेस्टिंगच्या दिवशी कुणीतरी ती ‘हँड’वर (स्वयंचलित सोडून हाताने ठरवलेल्या वेगावर) पूर्ण वेगाला ठेवतो आणि ती वर्षभर तशीच राहते. पंख्याची वीज वेगाच्या घनात बदलते: ८० टक्के वेगाला साधारण ५१ टक्के, ७० टक्क्यांना ३४. ही सगळी बचत एका स्विचपायी गेली. ताज्या हवेच्या डॅम्परची (झडपेची) मोटर फिरते, पण दांडा सैल असल्याने पातं हलत नाही, आणि स्क्रीनवर मात्र ‘३० टक्के उघडा’ दिसतं. कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर दाराशेजारी लावलेला असतो, त्यामुळे खोली भरली तरी त्याला हवा स्वच्छच वाटते. एका झोनला गारवा आणि शेजारच्याला रीहीट (गार हवा पुन्हा तापवणं), दोघं दिवसभर एकमेकांशी भांडत बसतात. हे ड्रॉइंगमध्ये कुठेच दिसत नाही.

पकडायची रीत सोपी आहे. बीएमएसमधून (इमारतीच्या यंत्रणा चालवणाऱ्या संगणकातून) दर १५ मिनिटांच्या नोंदी सलग दोन आठवडे काढा. सगळ्यात आधी रात्री २ वाजताचा लोड बघा. इमारत रिकामी असताना तो दिवसाच्या निम्म्याएवढा असेल, तर काहीतरी बंद व्हायचं राहतंय. मग प्रत्येक व्हीएफडीचा वेग काढा. सपाट रेषा दिसली की ती हँडवर आहे. डॅम्पर मात्र डोळ्यांनीच बघायचा. वाढीव कमिशनिंगमध्ये काम संपल्यावर साधारण दहाव्या महिन्यात फेरतपासणी असते. ती टाळू नका, कारण वॉरंटी संपायच्या आत दोष कागदावर आलेले बरे.

तुम्ही विचारलंत, मालकाने नेमकं काय करावं. करारात ‘गोल्ड’ लिहू नका, आकडा लिहा: वर्षाला चौरस मीटरमागे अमुक युनिट, अमुक तासांच्या वापराला. थंडावा, पंखे, पंप, दिवे, प्लग, लिफ्ट आणि सर्व्हर रूम यांना वेगळे सब-मीटर लावा. नाहीतर वर्षअखेरीला दोष कुणाचा यावर फक्त बैठका होतात. सल्लागार आणि एसी कंत्राटदार दोघांच्या बिलाचा काही भाग १२ महिन्यांची रीडिंग येईपर्यंत राखून ठेवा. हवाबंदपणाची चाचणी फॉल्स सीलिंग आणि आतलं पॅनेलिंग चढायच्या आधी घ्या. गळती बहुधा खिडकीच्या चौकटीभोवती, पाइप स्लॅबमधून जातात तिथे आणि शाफ्टमध्ये सापडते, आणि झाकल्यावर ती बुजवणं अशक्यच.

ग्रीन म्हणवणाऱ्या इमारतीतल्या काँक्रीटबद्दल तुम्ही जाता जाता मारलेला टोमणाही रास्त आहे. घनमीटरला ३५० किलो साधं सिमेंट, किलोमागे साधारण ०.९ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे नुसत्या सिमेंटचेच ३१५ किलो. निम्म्या सिमेंटच्या जागी स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) वापरलं तर हे १७५च्या आसपास येतं. मात्र ताकद हळू चढते. स्पेसिफिकेशनमध्ये २८ऐवजी ५६ दिवसांची ताकद मागा, क्युरिंग वाढवा आणि शटरिंग काढायची घाई करू नका. हे आधी ठरलं नाही, तर साइटवाले वेळापत्रकासाठी पुन्हा साध्या सिमेंटवर येतात. शिवाय जगात स्लॅग मर्यादितच आहे. अनावश्यक तळघर वगळणं हा जास्त खरा उपाय.

राहिल्या जाड भिंती. दगडाच्या ४५० मिलिमीटर भिंतीची यू-व्हॅल्यू २च्या वरच असते, म्हणजे इन्सुलेशन म्हणून ती कच्ची. तिचं काम उशीर करण्याचं: दुपारची उष्णता आत यायला दहा-बारा तास लागतात. दिवस तापणारे आणि रात्री गार असतील, तर हे झकास. रात्रही दमट आणि उकाड्याची असेल, तर तीच भिंत मध्यरात्री उष्णता आत सोडत बसते. २३० मिलिमीटर विटेच्या भिंतीवर बाहेरून ५० मिलिमीटर चांगलं इन्सुलेशन लावलं तर यू-व्हॅल्यू २ वरून ०.५च्या आसपास येते आणि विटेचं वस्तुमानही आतल्या बाजूला कामाला राहतं. जुन्या भिंतीला आतून इन्सुलेशन लावायचा मोह मात्र आवरा. थंड हवेत त्यामागचा दगड गार पडतो, खोलीतली वाफ तिथे जाऊन पाणी होते आणि वर्षा-दोन वर्षांत बुरशीचा वास येऊ लागतो. आतूनच लावायचं असेल, तर आधी छताची गळती आणि जमिनीतून चढणारी ओल बंद करून भिंत पूर्ण वाळू द्या.