आणखी सहा सेकंद

परवा एका शिकाऊ डॉक्टरच्या मागे खुर्ची टाकून बसले होते. समोर पन्नाशीच्या एक बाई. "झोप लागत नाही" एवढंच म्हणाल्या, आणि हिचे प्रश्न सुरू. किती दिवस झाले? रात्री मोबाइल बघता का? बीपीची गोळी चालू आहे? प्रश्न एकही चुकीचा नव्हता. टायपिंगही चालू होतं. बाईंनी मध्येच काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. गोळ्यांचा कागद हातात पडला, त्या उठल्या आणि दारापाशी जाऊन वळल्या. "आमचे हे गेले, त्याला चार महिने झाले."

फॅमिली डॉक्टरकडे खरं दुखणं असं दाराशीच निघतं. आधी विचारायला जागाच नसते.

"पेशंटचं ऐकायला वेळ कुठे आहे?" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता खरंच राग येतो. 1984 साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात डॉक्टर पेशंटला सरासरी 18 सेकंदांत तोडतात असं दिसलं होतं. पुढे 1999 मध्ये खास फॅमिली डॉक्टरांच्या भेटी तपासल्या, तेव्हा आकडा निघाला 23. आणि ज्यांना पूर्ण बोलू दिलं, त्यांना इतरांपेक्षा किती वेळ जास्त लागला? सरासरी फक्त 6 सेकंद.

दुसरं नेहमीचं वाक्य: "पेशंटचं मन समजून घेणं अंगातच असावं लागतं." मला हे अजिबात पटत नाही. बहुतेक मुलं येतात तेव्हा ते अंगात असतंच, आपण ते घालवतो. 2009 मध्ये संशोधक होजात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांची एम्पथी, म्हणजे हीच समजून घेण्याची वृत्ती, वर्षागणिक मोजली. ती घसरली तिसऱ्या वर्षी, म्हणजे मुलं पुस्तकातून उठून पेशंटजवळ येतात नेमकी तेव्हा. दोन रात्री न झोपलेल्या, पेशंटसमोर सिनियरच्या शिव्या खाल्लेल्या मुलीने मायेनं कसं बोलायचं, हे आधी आम्ही शिकवणाऱ्यांनी सांगावं.

लेक्चरने हे येत नाही. मनोविश्लेषक मायकेल बालिंट यांनी 1950च्या दशकात लंडनमध्ये फॅमिली डॉक्टरांचे गट बसवले. त्या पद्धतीत एकाने फाईल न उघडता एक पेशंट सांगायचा. निदानावर वाद घालायचा नाही. हा पेशंट आला की मला धास्ती का वाटते, चीड का येते, त्यावर बोलायचं. असा तास प्रत्येक फॅमिली डॉक्टरच्या शिक्षणात दर आठवड्याला हवा, आणि तो परीक्षेच्या नावाखाली रद्द होता कामा नये.

"हाताला गुण आहे" असं आपण म्हणतो ना, त्याचा माग आकड्यांतही लागतो. 2011 मध्ये 29 फॅमिली डॉक्टर आणि त्यांचे 891 मधुमेही पेशंट तपासले. एम्पथीचा स्कोअर चढा असलेल्या डॉक्टरांच्या 56 टक्के पेशंटची साखर आटोक्यात होती, स्कोअर कमी असलेल्यांच्या 40 टक्के. म्हणून एम्पथीनेच साखर उतरली असं कुणी म्हणू नये, पण याला निव्वळ शिष्टाचार म्हणून बाजूलाही टाकता येत नाही.

त्या दिवशी मी मागून काही बोलणार, तेवढ्यात ती मुलगी उठली. दारापर्यंत गेली. "काकू, बसा ना जरा," म्हणाली आणि गोळ्यांचा कागद परत मागून घेतला. काकू बोलत होत्या तेव्हा तिचे हात कीबोर्डवर नव्हते.

चार मिनिटं लागली. घड्याळ मी बघत होते.