"मराठी नंतर टाकू" म्हणणाऱ्यांनी ॲडमिन पॅनेलला हात लावू नये

नाशिकमध्ये यात्री निवासाची साइट असो, द्राक्ष निर्यातदाराची असो की एखाद्या दवाखान्याची, कामाची सुरुवात एकाच वाक्याने होते. "आधी इंग्लिश होऊ दे, मराठी-हिंदी नंतर टाकू." हे ऐकलं की डोक्यात तिडीक जाते. वरून भुरभुरायला भाषा म्हणजे कोथिंबीर नाही. ती डेटाबेसच्या, म्हणजे साइटची माहिती साठवणाऱ्या टेबलांच्या, रचनेत असते, आणि रचना पहिल्याच दिवशी ठरते. २०२७ च्या सिंहस्थाला देशभरातून माणूस या गावात उतरणार आहे. तेव्हाही "नंतर"च म्हणणार का?

नंतर म्हटलं की काय होतं ते सांगतो. सगळ्यात सोपा आणि सगळ्यात घाणेरडा रस्ता धरला जातो, अख्खी नोंद कॉपी करायचा. पंचवटीतल्या यात्री निवासाची "डबल बेड, एसी" ही एकच खोली टेबलात तीनदा. इंग्लिशची ओळ वेगळी, मराठीची वेगळी, हिंदीची वेगळी, आणि प्रत्येक ओळीत नावाबरोबर भाडंही, फोनही, फोटोही. मग श्रावणातल्या गर्दीत काउंटरवरचा माणूस ॲडमिन पॅनेलमध्ये, म्हणजे साइटची माहिती भरायच्या आतल्या पानांवर, भाडं १२०० वरून १५०० करतो. ते फक्त मराठी ओळीत बदलतं, हिंदी पानावर १२०० तसेच राहतात. रात्री अकराला आलेलं कुटुंब मोबाइल पुढे धरून १२०० मध्येच खोली मागतं, आणि बोलणी खातो तो काउंटरवरचा माणूस. त्याची काय चूक? एका खोलीच्या तीन ओळी त्याच्या गळ्यात कुणी बांधल्या?

भाषेनुसार काय बदलतं आणि काय बदलत नाही, एवढं तरी कागदावर लिहून काढा हो. बदलतं ते खोलीचं नाव, वर्णन, पत्ता, नियम, फोटोखालची ओळ, सर्चमध्ये दिसणारं शीर्षक. बदलत नाही ते भाडं, फोन, पिनकोड, तारखा, फोटोची फाइल, खोली चालू की बंद. न बदलणारं सगळं मूळ टेबलात एकदाच. बदलणारं भाषांतराच्या टेबलात, तिथे खोलीचा आयडी, भाषेचा कोड आणि मजकुराचे कॉलम. आयडी आणि भाषा या जोडीवर युनिक की, म्हणजे तीच जोडी दुसऱ्यांदा येऊ न देणारा नियम, लावायची. ती लावायची राहून गेली की कुणी घाईत सेव्ह दोनदा दाबतो, एका खोलीच्या दोन मराठी ओळी तयार होतात आणि साइटवर कधी ही दिसते, कधी ती.

मजकुराच्या प्रत्येक फील्डला भाषेगणिक वेगळा कॉलम हा प्रकार तीन-चार फील्ड आणि कायमच्या दोन भाषा असतील तरच चालतो. आठ फील्ड आणि तीन भाषा म्हणजे २४ कॉलम. उद्या गुजराती हवी म्हटलं की आणखी ८, शिवाय मायग्रेशन (टेबलाची रचना बदलणं), फॉर्म, क्वेरी (टेबलातून माहिती मागणारा कोड) सगळीकडे पुन्हा हात घाला. सगळ्या भाषा एका जेसन कॉलममध्ये, म्हणजे एकाच कप्प्यात, कोंबणं लिहायला सोपं, पण मराठी नावावरून शोध द्यायची वेळ आली की इंडेक्ससाठी, म्हणजे शोध जलद करणाऱ्या सूचीसाठी, वेगळी खटपट करावी लागते.

आता फॉर्म. इथे तर संतापाची परिसीमा होते. तीन भाषांचे तीन टॅब करायचे आणि प्रत्येक बॉक्सला "रिक्वायर्ड" ठोकून द्यायचं. ऑपरेटर मराठी भरतो, सेव्ह दाबतो, आणि काहीच होत नाही. पुन्हा दाबतो, तरी काही नाही. कारण हिंदी टॅब लपलेला आहे, त्यातला सक्तीचा बॉक्स रिकामा आहे, लपलेल्या बॉक्सवर ब्राउझरला फोकस नेता येत नाही आणि तो फॉर्म पाठवतच नाही. पडद्यावर एक अक्षर उमटत नाही, तक्रार फक्त कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या प्रोग्रामरसाठीच्या खिडकीत, लिहिली जाते. ऑपरेटर काय कन्सोल उघडून बसलाय? सक्ती एकाच मूळ भाषेला करा. ब्राउझरची तपासणी बंद करून सर्व्हरवर तपासा. चूक ज्या टॅबमध्ये आहे त्यावर लाल ठिपका द्या आणि तोच टॅब उघडून दाखवा. हे अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि ते न केल्यामुळे माणसं अख्खा दिवस बटण दाबत बसतात.

सेव्ह झालं तरी भोग संपत नाहीत. हिंदी रिकामी सोडली तर हिंदी पानावर मराठी मजकूर दिसावा, असं ठरलेलं असतं. दिसतं मात्र कोरं पान. का? रिकामा बॉक्स फॉर्ममधून रिकामी स्ट्रिंग, म्हणजे शून्य अक्षरांचा मजकूर, पाठवतो, ती तशीच साठवली जाते, आणि फॉलबॅकचा, म्हणजे त्याऐवजी मराठी दाखवायचा, कोड फक्त नल (मूल्यच नाही अशी खूण) आहे का एवढंच बघतो. रिकामी स्ट्रिंग म्हणजे नल नव्हे! साठवण्याआधी मागचीपुढची स्पेस काढा, उरलं काहीच नाही तर नल टाका. वर्णनाच्या एडिटरमध्ये तर आणखी त्रास. तो रिकामा दिसला तरी आत पॅराग्राफ आणि लाइन-ब्रेकचे टॅग असतात. टॅग काढून मग रिकामं आहे का ते तपासा. आणि जो फॉर्म फक्त उघडा टॅब पाठवतो आणि सर्व्हर बाकीच्या भाषा कोऱ्या समजून पुसून टाकतो, त्याला काय म्हणावं? दोन महिने बसून भरलेली हिंदी एका क्लिकवर जाते. जी भाषा फॉर्ममध्ये आलीच नाही, तिच्या ओळीला हातच लावायचा नाही, इतकं साधं आहे.

आता स्लगकडे, म्हणजे लिंकमध्ये येणाऱ्या पानाच्या नावाकडे, या. जँगो या साइट बनवायच्या साधनातलं स्लगिफाय हे फंक्शन शीर्षकातून स्लग बनवतं. ते जसंच्या तसं वापरलं तर मराठी शीर्षकातून काहीच उरत नाही, स्लग रिकामा. मग कुणी युनिकोडचा, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीचा, पर्याय चालू करतो आणि झालं म्हणतो. झालेलं काही नसतं. ते फंक्शन अक्षरं ठेवतं, पण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलंत हे त्याच्या नियमात अक्षर म्हणून बसत नाहीत, ते गाळले जातात. "नाशिक"चं होतं "नशक". "त्र्यंबकेश्वर"चं होतं "तरयबकशवर". हे लिंकमध्ये जातं, लोक ती व्हॉट्सॲपवर पाठवतात, आणि कुणाला लाज वाटत नाही! स्लग रोमन लिपीत हाताने भरायचा वेगळा बॉक्स द्या, भाषांतराच्या टेबलाबाहेर, एकदाच.

शोधाचीही तीच रड. शाळेच्या साइटवरच्या "ॲडमिशन" शब्दातला ॲ दोन प्रकारे टाइप होतो. एक म्हणजे युनिकोडमधलं स्वतंत्र अक्षर, दुसरा म्हणजे अ आणि त्यावर चंद्र. डोळ्याला दोन्ही सारखेच. नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणं, केलं तरी हे दोन एक होत नाहीत, कारण युनिकोड त्यांना समान धरत नाही. ऑपरेटर संगणकावर एक प्रकार टाइप करतो, पालक मोबाइलवर दुसरा टाइप करून शोधतात, आणि साइट म्हणते काही सापडलं नाही. साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे अ-चंद्र बदलून ॲ करा. कोडची एक ओळ आहे ती. एक ओळ!

मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये अक्षरं साठवायचा "यूटीएफ८" नावाचा जुना प्रकार एका अक्षराला जास्तीत जास्त तीनच बाइट देतो. देवनागरी अक्षर तीन बाइटचं, म्हणून मराठी बसते आणि सगळं ठीक वाटतं. कुणी हात जोडलेला इमोजी टाकला की तो चार बाइटचा, आणि एरर येते नाहीतर तिथून पुढचा मजकूर तुटतो. यूटीएफ८एमबी४ घ्या, टेबलालाही आणि कनेक्शनलाही. सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुरातली तक्त्याची फाइल, एक्सेलमध्ये उघडायची असेल तर फाइलच्या सुरुवातीला बीओएम, म्हणजे मजकूर यूटीएफ-८ मध्ये असल्याची खूण, घाला, नाहीतर मराठीच्या जागी कचरा दिसतो. आणि पानाला भाषेचा कोड मराठीचाच द्या, हिंदीचा नको. मराठी रूपं असलेल्या फॉन्टमध्ये ल आणि श यांचं मराठी वळण त्याच कोडमुळे येतं. आपल्या गावातल्या साइटवर हिंदी वळणाचा ल का वाचायचा?

साइट ताब्यात घेणाऱ्यांना एक सांगणं आहे. डेमोला इंग्लिश भरून दाखवू देऊ नका. स्वतः बसा. मराठीत "त्र्यंबकेश्वर" टाका, हिंदी कोरी ठेवा, सेव्ह करा, हिंदी पान उघडा. मराठी टॅबमध्ये असताना भाडं बदला आणि तिन्ही पानांवर बघा. हिंदी भरा, मग फक्त मराठी बदलून सेव्ह करा, हिंदी शाबूत आहे का ते पाहा. वर्णनात एक इमोजी टाका. लिंक वाचून बघा. दहा मिनिटं लागतात. यातलं एक जरी चुकलं तर शेवटचा हप्ता देऊ नका.