विकायची गोधडी वेगळी, द्यायची वेगळी

एकदाच सविस्तर लिहून टाकते, म्हणजे प्रत्येक लग्नात आणि बारशाला तेच तेच बोलत बसायला नको. माझ्या हातून दोन तऱ्हेच्या गोधड्या होतात. एक विकायची, एक द्यायची. विकायचीचा दर ठरलेला आहे, घासाघीस चालत नाही. द्यायचीला दर नाही, पण ती मागूनही मिळत नाही. "तुझ्या हातची एक दे ना गं" असं लाडात येऊन म्हणणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं.

"साड्या आमच्याच, मग नुसत्या शिलाईचे एवढे?" हे तर दर महिन्याला ऐकते. नुसती शिलाई म्हणजे काय ते ऐका. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर. ती मधोमध कापून दोन्ही तुकडे काठाला काठ जोडले की पावणेतीन मीटर लांब आणि सव्वादोन मीटरच्या आसपास रुंद असं एक पान होतं. अशी दोन पानं लागतात, एक वरचं, एक खालचं. आत भरायला जुनी धोतरं, विरलेल्या चादरी, लुगड्यांचे तुकडे. सगळं आधी धुवायचं, कडक उन्हात वाळवायचं, हुक-बटणं उसवायची, जाड शिवणी कापून टाकायच्या, नाहीतर सुई तिथेच मोडते. मग फरशीवर अंथरून तळहाताने एकेक सुरकुती काढत लांब लांब कच्चे टाके घालायचे. एवढं झालं की खरी शिलाई सुरू. कडेपासून धावदोरा, दोन ओळींत बोटभर अंतर, चारी बाजूंनी फिरत फिरत मध्याकडे. सगळे थर एका टाक्यात आले पाहिजेत आणि खालच्या अंगालाही टाका वरच्यासारखाच दिसला पाहिजे. आमच्या आत्या गोधडी आधी उलटी करून बघतात, रंगसंगतीचं कौतुक नंतर.

आणि हे सगळं दुपारच्या वेळात. सकाळी डबे, मग धुणं, मग जेवणं. भांडी पालथी पडली की तेव्हा कुठे सुई हातात येते, ती संध्याकाळचा चहा टाकेपर्यंत. मोठी गोधडी असेल तर महिना सहज जातो.

"ऑनलाइन चारशेला किती मऊ ब्लँकेट मिळतं!" मिळतं ना, घ्या की. थंडी त्यानेही जाते, माझं काही म्हणणं नाही. फक्त ते सांगायला माझ्या दारात येऊ नका. आणि येताना सिंथेटिक साड्यांचं गाठोडं तर अजिबात आणू नका. तो कपडा घाम पीत नाही, सुईखाली सरकतो, आणि दोन थर कधी एकमेकांना धरून राहत नाहीत. सुती आणा. जितकी धुऊन धुऊन मऊ झालेली, तितकी उत्तम.

आता द्यायच्या गोधडीबद्दल. ती मी एकटी करतच नाही. समोरच्या वहिनी, आत्या आणि शाळेतून रिटायर झालेल्या बाई, अशा चौघी चार कोपरे धरून बसतो. कोणाचा टाका बारीक, कोणाचा ढगळ, ते ज्याचं त्याला ठाऊक असतं. बोलणं सतत चालू. सुनांपासून गुडघ्यांपर्यंत सगळे विषय होतात, आणि मान खाली असल्यामुळे एरवी न निघणाऱ्या गोष्टीही निघतात. वहिनींनी त्यांच्या ऑपरेशनचं पहिल्यांदा सांगितलं ते असंच, दोरा ओवता ओवता. आम्ही तिघींनी मान वर केली नाही, टाके घालत राहिलो. पुढच्या महिन्याभराचे त्यांच्या घरचे डबे कोणी करायचे ते त्याच बैठकीत ठरलं.

शेवटचा टाका आत्यांचा. मध्यावर बोटाएवढी जागा उघडी ठेवलेली असते, त्यात त्या भाकरीचा तुकडा सरकवतात आणि मग टाका बंद करतात. गोधडीचं पोट उपाशी ठेवायचं नाही म्हणे. आमच्या बाई दरवेळी म्हणतात, मुंग्या लागतील. आत्या दरवेळी म्हणतात, मुंग्याही जेवतील. मग कांदाभजी आणि चहा. आमचा समारंभ एवढाच, पण चुकवत नाही कोणी. गल्लीत बाळंतीण असेल तर बारशाआधी दुपटं आणि लहान गोधडी पोचलीच पाहिजे, याला तर सुट्टी नाही.

विकणं वाईट असं मला बिलकुल वाटत नाही. माझा औषधांचा खर्च त्यातूनच निघतो. पण दोन्हींतला फरक मला नीट कळला तो अमेरिकेतल्या बायकांमुळे. अलाबामा राज्यात गीज बेंड म्हणून गाव आहे, कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंबांचं. तिथल्या बायका शेतात घातलेल्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या. 1966 साली त्या भागातल्या बायकांनी सहकारी संस्था काढली, फ्रीडम क्विल्टिंग बी नावाची, आणि शहरातल्या दुकानांसाठी माल करायला लागल्या. 1972 मध्ये सीअर्स या तिकडच्या मोठ्या दुकानांच्या कंपनीचं उशांच्या कॉर्डरॉय अभ्र्यांचं काम मिळालं. सगळे अभ्रे तंतोतंत एकसारखे, टाका इकडचा तिकडे नाही. पैसा मिळाला, चांगलंच झालं. पण कापून उरलेल्या कॉर्डरॉयच्या पट्ट्या बायकांनी घरी नेल्या आणि त्यांच्या स्वतःच्या मनासारख्या गोधड्या शिवल्या. गावातल्या गोधड्या 2002 मध्ये ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत लागल्या, 2006 मध्ये तिकडच्या टपाल तिकिटांवर आल्या. अभ्रे काही कोणी भिंतीवर लावले नाहीत.

इतक्या लांब जायचं नसेल तर कर्नाटकात हल्याळ, यल्लापूरकडच्या सिद्दी बायकांची, म्हणजे पूर्वी आफ्रिकेतून आलेल्यांच्या वंशातल्या बायकांची, कवंदी ही गोधडी बघा. त्याही कडेकडून शिवत मध्यावर येतात. चारी कोपऱ्यांवर घड्या घातलेले त्रिकोण लावतात, त्याला फुला म्हणतात. त्या त्रिकोणांचा ऊब देण्याशी काडीचा संबंध नाही. तरी ते लावल्याशिवाय त्यांची गोधडी पुरी होत नाही.

माझंही तसंच आहे. गिऱ्हाईक म्हणतं गुलाबी आणि क्रीम, मी निमूट गुलाबी आणि क्रीम करते. द्यायच्या गोधडीत मात्र हिरव्या इरकलीशेजारी केशरी खण येतो आणि मध्येच शर्टाचा निळा चौकडा. विचारायला कोणी नाही.

आणि एक. दिलेली गोधडी कृपा करून प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवू नका. "आईची साडी आहे हो त्यात, जपून ठेवलीय." अहो, आईनं ती साडी नेसून धुणी धुतली, शेणी थापल्या. अंगावर घ्या, पोराला तिच्यावर लोळू द्या, शू करू द्या. घटस्थापनेआधी आपण घरातली सगळी पांघरुणं धुवायला काढतोच, तेव्हा हीसुद्धा काढा. दोघींनी दोन टोकं धरून पिळायची आणि दगडावर वाळत घालायची. फाटली तर ठिगळ मी फुकट लावून देईन, हे मात्र शब्द देऊन सांगते.

ऑर्डरी आता दिवाळीनंतरच घेणार आहे. गल्लीत दोन डोहाळजेवणं आहेत.