'डी'मध्ये ठेवलं म्हणजे वाचलं?

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तोच फॉरवर्ड आता तिसऱ्यांदा आला: 'विंडोज नव्यानं टाकताना फक्त सी ड्राइव्ह उडतो. फाइली डीमध्ये सरकवा, बॅकअपची कटकट नको. डेस्कटॉपवरचं मात्र कायमचं जातं. चुकून उडालंच तर रिकव्हरी सॉफ्टवेअरनं सगळं परत येतं.' १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०चा सपोर्ट थांबवला, तेव्हापासून घरोघरी 'अकरा टाकून दे' चाललंय. म्हणून यातलं एकेक वाक्य तपासते.

आधी डी. बहुतेक लॅपटॉपांत सी आणि डी एकाच डिस्कचे दोन भाग असतात. नागपुरात महाल भागातल्या जुन्या वाड्यात भावांनी मध्ये भिंत घातली तरी छप्पर एकच राहतं, तसं. डिस्क बिघडली तर दोन्ही गेले. पण खरी गोम वेगळीच आहे. सी, डी ही अक्षरं चालू विंडोजनं दिलेली असतात. पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल सुरू केलं की 'विंडोज कुठे टाकायचं' विचारणाऱ्या यादीत ती दिसतच नाहीत. दिसतं ते 'डिस्क ०, पार्टिशन ३' (पार्टिशन म्हणजे डिस्कचा भाग) आणि पुढे आकार. माझे मामा लग्नपत्रिकांचं डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची मांडणी, करतात. त्यांच्या मशीनवर दोन्ही भाग जवळपास सारख्याच आकाराचे होते. बसवणाऱ्यानं घाईत दोन्ही डिलीट करून एकच मोठा केला. ऐन सीझनमध्ये. मामांचा फोन आला, "अगं, डीमध्ये होतं ना सारं? मंग गेलं काहून?"

म्हणून आधी विंडोजमधलंच 'डिस्क मॅनेजमेंट' उघडून कुठला भाग केवढा आहे ते कागदावर लिहून घ्या. दुसरी वेगळी डिस्क बसवलेली असेल तर इन्स्टॉल होईपर्यंत तिची केबलच काढून ठेवा.

'डेस्कटॉपवरचं कायमचं जातं' हेही खरं नाही. त्याच पार्टिशनवर फॉरमॅट न करता विंडोज टाकलं, तर जुनं सगळं 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरात जातं. त्यातल्या 'युजर्स'मध्ये तुमचा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो असतात. फक्त लगेच काढून घ्या. अपग्रेडनंतर १० दिवसांनी विंडोज हा फोल्डर स्वतःच पुसतं. दुसरा मार्ग म्हणजे सेटिंग्जमधलं 'रीसेट धिस पीसी' आणि त्यात 'कीप माय फाइल्स'. आणि चालू विंडोजमध्येच सेटअप चालवून 'फाइली आणि अ‍ॅप्स ठेवा' निवडलं, तर प्रोग्रामसुद्धा राहतात. मला विचाराल तर आधी हेच करून पाहा.

पण 'कीप माय फाइल्स'मधल्या 'फाइल्स' या शब्दावर भाळू नका. प्रोग्राम जातात, आणि 'अ‍ॅपडेटा' फोल्डरही जातो. क्रोम-फायरफॉक्सचे बुकमार्क त्यातच असतात. विंडोजच्या फोल्डरात टाकलेले फॉन्टही उडतात. मामांची जुनी थोडी कामं नशिबानं एका पेनड्राइव्हवर सापडली. फाइल उघडली, पण जुने बिगर-युनिकोड फॉन्ट (इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार दाखवणारे) नव्हते. 'शुभविवाह'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा भुगा.

रिकव्हरी सॉफ्टवेअरचा भरवसा जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या काळातला. तिथे पुसलेला मजकूर, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत, टिकून असायचा. एसएसडीवर, म्हणजे न फिरणाऱ्या, चिपवाल्या नव्या डिस्कवर, 'ट्रिम' चालतं: ही जागा आता रिकामी, असं विंडोज डिस्कला कळवतं आणि डिस्क ती आतून साफ करून टाकते. मामांची एसएसडीच होती. रात्रभर स्कॅन चाललं, कामाचं काही निघालं नाही.

आणखी एक, जे फॉरवर्डमध्ये नाहीच. विंडोज ११च्या अनेक लॅपटॉपांत मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे तिला सांकेतिक कुलूप लागतं. ते उघडणारी ४८ आकडी रिकव्हरी की हाताशी नसेल, तर नव्या विंडोजमधून डी दिसेल, उघडणार नाही. ती की आधीच खात्यात जाऊन बघा, कागदावर उतरवा.

बॅकअपची कटकट केवढी? एक एक्स्टर्नल डिस्क, तिच्यावर कॉपी, दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून त्यातल्या चार-पाच फाइली उघडून बघणं, आणि इन्स्टॉल सुरू करण्याआधी तिची वायर काढणं. मामांनी परवा बर्डीच्या बाजारातून १ टीबीची आणली. तिच्यावर सगळ्यात आधी फॉन्टचा फोल्डर गेला.