पाठ लागली नाही, मग हरलो कसा?

गेल्या महिन्यात कुस्तीच्या एका निवड चाचणीला गेलो होतो. शेजारच्या गावचं सोळा वर्षांचं पोरगं, यात्रेच्या मैदानात नाव काढलेलं. गादीवर (मॅटवर) आलं आणि सवयीने खडाखडी करत समोरच्याचा अंदाज घेत राहिलं. तेवढ्यात समोरच्याने याला रेटत रिंगणाबाहेर काढलं. एक गुण. पुन्हा तसंच, आणखी एक. वेळ संपली, पंचांनी दुसऱ्याचा हात वर केला. पोरगं रडवेलं होऊन वस्तादांना विचारत होतं, "पाठ तर लागली नाही माझी, मग हरलो कसा?"

मातीत पाठ लागून अस्मान दिसल्याशिवाय कुणी हरत नाही. ते त्याचं खरंच होतं.

ऑलिंपिकच्या कुस्तीतही आधी असंच चालायचं. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये क्लाइन आणि असिकाइनेन हे दोन मल्ल ११ तास ४० मिनिटं झुंजले. क्लाइन जिंकला, पण इतका थकला की सुवर्णपदकाच्या कुस्तीला उतरलाच नाही. पुढे वेळेची मर्यादा आली, गुण आले.

आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचा गादीला पाय लागला तोच मुळी १९४८ ला लंडनमध्ये, थेट ऑलिंपिकला. तरी सहावे आले! मग चार वर्षं जिद्दीने तयारी केली. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तर राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. १९५२ ला कांस्यपदक आलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

खाशाबांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता राज्य क्रीडा दिन आहे. आपण हार घालतो, फोटो टाकतो. मीही टाकतो. पण त्यानंतर कुस्तीतलं एकही ऑलिंपिक पदक महाराष्ट्रात आलेलं नाही. (स्वप्निल कुसाळेने २०२४ ला आणलं ते नेमबाजीतलं. त्याचा अभिमान आहेच.) कुस्तीची पदकं हरियाणा-दिल्लीची पोरं आणतात, कारण ती लहानपणापासून गादीवर घाम गाळतात.

मातीला कमी लेखत नाही. ताक, हळद, तेल घालून मळलेल्या लाल मातीचा वास आला की आजही माझा हात दंडावर जातो. पण यात्रेत एका जोडीला लाखाचं इनाम लावणाऱ्या गावाच्या तालमीत साधी गादी नसावी, हे मला सहन होत नाही. यात्रा कमिटीच्या मंडळींनो, हात जोडून सांगतो, यंदा एक मोठी जोड कमी लावा आणि तालमीला गादी घ्या.

ते पोरगं आता आठवड्यातून दोनदा एसटीने तालुक्याला जातं, तिथे एक गादी आहे. परवा फोन आला होता. म्हणालं, "काका, रिंगणाच्या कडेला पाय कसा रोवायचा ते जमायला लागलंय."